टाकीतली जित्राबं

आकाराम शेडगे पलटणीत होता म्हटलं की गावातली पोरं विचारायची, "आबा, बंदूक किती येळा उडवली?" आणि आकाराम खरं ते सांगायचा, "बंदूक कमी, खरारा जास्त."

तो खच्चरांच्या कंपनीत होता. जिथं गाडी जात नाही तिथं खच्चर जातं, आणि जिथं खच्चर अडतं तिथं आकारामसारखा माणूस लागतो. बर्फातल्या पायवाटांवरनं रॉकेल, पीठ आणि गोळ्यांच्या पेट्या लादून नेता नेता त्याची उमेदीची वर्षं सरली, आणि त्या नोकरीनं त्याच्या हाडात एकच कायदा मुरवला. जनावराच्या तोंडाला दाणा लागल्याबिगर त्याच्या पाठीवर वझं टाकायचं नाही. साहेब उपाशी राहिला तर राहू दे, खच्चर राहता कामा नये.

पेन्शन घेऊन तो गावी आला. गाव पाचगणीच्या खालच्या अंगाला, तांबड्या मातीचं. भावाची स्ट्रॉबेरी होती. आकारामनं हौसेनं एक म्हैस घेतली, तिला पोरीसारखी वागवली, आणि एका सकाळी ती पोट फुगून गोठ्यात आडवी झाली. जनावरांच्या डॉक्टरानं पोट फाडून बघितलं तर आतनं मल्चिंग पेपरचा बोळा निघाला. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर अंथरतात तो काळा-चंदेरी प्लास्टिकचा कागद. हंगाम सरला की तो फाडून बांधावर टाकायचा. वारा तो ओढ्यात न्यायचा, ओढा गवतात सोडायचा.

भाऊ म्हणाला, "आता कुणाला बोलायचं आबा? सगळ्यांच्याच बांधाला हाय त्यो."

आकारामनं म्हशीचं रिकामं दावं गुंडाळून ठेवलं. पण त्याला गावात करमेना. थोरला मुलगा पृथ्वीराज सांगलीत ट्रक चालवत होता, त्याच्या मालकाला राखणीला माजी सैनिक हवा होता. आकारामनं पत्र्याची पेटी उचलली आणि सांगली गाठली.

विश्रामबागेतली कॉलेजं आणि बंगले मागं पडले की पुढं पत्र्याच्या शेडी लागतात. त्यातल्या एका शेडीच्या दारावर त्याला उभं केलं. मालक धैर्यशीलदादा. आजोबाचा ऊस, बापाचं राजकारण आणि स्वतःचं इंग्रजी, अशी त्याची तीन पिढ्यांची कमाई. आणि शेडीच्या आत सगळा कारभार डॉक्टर संयोगिता घोरपडेंचा. म्हंजे औषधाच्या डॉक्टर नव्हेत, शिकून झालेल्या. सांगलीचीच पोरगी, परदेशात राहून परत आलेली. उभ्या उभ्या भडंग खायची आणि तेच जेवण समजायची.

आत चकचकीत पोलादाची एक टाकी होती, माणसाच्या दीडपट उंच. दिवसरात्र घरघरायची. आकारामनं काही दिवस दारावरनंच तिच्याकडं बघितलं आणि मग न राहवून विचारलं.

"म्याडम, ह्या टाकीत हाय तरी काय?"

"जिवाणू आहेत काका. डोळ्यांना न दिसणारे जीव."

"म्हंजी जित्राबं."

संयोगिता हसली. "जित्राबंच म्हणा."

"आन खात्यात काय?"

"प्लास्टिक."

"थट्टा करू नका गरिबाची."

तिनं हात धरून त्याला आत नेलं. एका कोपऱ्यात मल्चिंग पेपरचा ढीग होता, त्याच्या गावाकडच्या तांबड्या मातीनं माखलेला. ती माती ओळखून त्यानं तिला भावाची स्ट्रॉबेरी आणि आपली म्हैस सांगितली. वाईचा भंगारवाला रमजान आत्तार पाचगणीच्या वावरांतनं तो गोळा करून आणायचा. "हे आधी धुवायचं," ती सांगत होती, "मग बंद भांड्यात शिजवायचं. त्याचं मेण होतं. त्या मेणावर प्रक्रिया करून साबणासारखं पातळ करायचं आणि ते ह्यांना घालायचं. आपण जास्त खाल्लं की पोट सुटतं ना, तशी ह्यांच्या अंगात चरबी साठते. ती चरबी काढून वाळवली की तिचंच पुन्हा प्लास्टिक होतं. फरक एवढाच, की हे प्लास्टिक मातीत गेलं की माती त्याला जिरवते."

"म्हंजी ह्योच कागद, पर कुजणारा?"

"हाच कागद, पण कुजणारा. तुमच्या भावाच्या वाफ्यावर अंथरायचा आणि हंगाम झाला की नांगरून टाकायचा."

आकाराम टाकीपुढं बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं पोलादाला हात लावला. ऊब होती. दुभत्या जनावराच्या कासेला असते तेवढी.

त्या दिवसापासनं दारावरचा माणूस हळूहळू टाकीजवळ सरकला. मेणपाण्याचे डबे उचलून वरच्या तोंडातनं आत सोडायचं काम त्यानं मागून घेतलं. डबा ओतताना तो बोलायचा, "खावा रं, खावा. लाजू नका." शिकाऊ पोरी हसायच्या. संयोगिता मात्र एकदा गंभीर होऊन म्हणाली, "काका, एक ध्यानात ठेवा. ह्या डब्याशिवाय ह्यांना दुसरं काही म्हणजे काही घालायचं नाही. गोड तर मुळीच नाही. गोड मिळालं की हे प्लास्टिककडं ढुंकून बघणार नाहीत. दुसरं काही मिळत नाही म्हणून तर हे खातात."

"उपाशी ठिवून काम करून घ्यायचं?"

"तसंच समजा."

आकाराम "बरं" म्हणाला. पण ते बरं काही त्याच्या घशाखाली उतरलं नाही.

आणि जित्राबं अंग धरीनात. खायची, पण आजाऱ्यासारखी. टाकीतलं पाणी धुवणासारखं पातळ राहायचं. संयोगिता काचेखाली थेंब बघायची आणि मान हलवायची. धैर्यशीलदादा आठवड्याला चक्कर टाकायचा, दारातनंच ओरडायचा, "काय म्याडम, आमच्या पैलवानांनी आज तरी रतीब संपवला का? का अजून वासावरच हायत?" ती काचेखालचा थेंब बदलायची. दादाची पाठ फिरली की आकारामला म्हणायची, "काका, पैसा त्यांचा आहे, बोलणार. पण होईल. हळू होईल, पण होईल." तिच्या डोळ्यांखाली काळं पडत चाललं होतं. आकारामला ते बघवायचं नाही. नुसत्या मेणपाण्यावर जित्राब किती दिवस ओढणार? त्याला खच्चरांच्या बरगड्या आठवायच्या.

मग आषाढातला बेंदूर आला.

बेंदूर म्हंजे सातारा-सांगलीच्या माणसाला सांगायला नको. वर्षभर राबणाऱ्या जनावराचा तो दिवस. आदल्या दिवशी त्याचे खांदे हळद-लोण्यानं मळायचे, सणादिवशी अंघोळ घालायची, शिंगं रंगवायची, गळ्यात गोंडे बांधायचे, आणि माणसाच्या आधी त्याच्या तोंडात पुरणपोळी घालायची. त्या दिवशी जनावराच्या मानेवर जू ठेवणाऱ्याला लोक तोंडावर थुंकतील. पलटणीतसुद्धा आकाराम बेंदूर मोजून ठेवायचा आणि आपल्या वाटणीचा शिरा खच्चराला चारायचा. पंजाबी सोबती विचारायचे, "ओए शेडगे, आज खच्चर का हॅप्पी बड्डे?"

त्या दिवशी संयोगिता पुण्याला मीटिंगला गेली होती. टाकी घरघरतच होती. सणाच्या दिवशीही राबत होती. आकारामनं मेणपाण्याचा डबा उचलला, टाकीच्या तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला. त्याचा हात होईना. नदीकडच्या रस्त्याला धैर्यशीलदादाचंच गुऱ्हाळ होतं, पावसाळ्यातही चालणारं. तिथं जाऊन त्यानं काकवीचा डबा भरून आणला. पातळ, तांबूस, नुकत्या काढलेल्या रसाचा वास मारणारी काकवी. आधी टाकीला हळदीचं बोट लावलं. कॉकला लाल गोंडा बांधला. मग काकवी आत सोडली.

"येक दिस ग्वाड खाल्लं म्हणून कुणाचं काम बिगडलंय?" असं तो टाकीलाच म्हणाला.

संयोगिता परत आली तेव्हा टाकीतलं पाणी दुधासारखं दाट झालं होतं. तिनं काचेखाली थेंब धरला आणि किंचाळलीच. "काका! इकडं या. बघा, बघा कशी टम्म झालीत!" आकारामनं डोळा लावला. इवले इवले दाणे, आणि प्रत्येकाच्या पोटात चकचकीत थेंब. बार्ली खाल्लेल्या खच्चरासारखी तुकतुकीत. सांगायला त्यानं तोंड उघडलं. पण पोरगी रडत होती. हसत होती आणि रडत होती. शिकाऊ पोरींच्या गळ्यात पडत होती, साताऱ्याचे कंदी पेढे आणायला माणूस पाठवत होती. त्यातला पहिला पेढा तिनं आकारामच्या हातावर ठेवला. तोंडात आलेला शब्द त्यानं पेढ्याबरोबर गिळला.

काही दिवसांत पाणी पुन्हा पातळ होऊ लागलं. पुन्हा तिचं तोंड उतरलं. दादा पुन्हा दारातनं ओरडला. आणि आकारामनं पुन्हा गुऱ्हाळाची वाट धरली. पहिल्या डब्याला सणाचं निमित्त होतं. ह्या डब्याला म्याडमच्या तोंडाचं होतं. पुढं निमित्त लागेनासं झालं. ती जेवायला गेली की तो काकवी ओतायचा आणि डबा घासून पालथा घालायचा.

टाकी यशस्वी झाल्याची बातमी पसरायला वेळ लागला नाही. धैर्यशीलदादानं पाचगणीच्या रस्त्याला फलक लावला. "तुमचा कचरा, आमचे जिवाणू, सर्वांची माती." खाली दादाचा हात जोडलेला फोटो. स्ट्रॉबेरीवाल्यांची सभा घेतली. संयोगितानं तिथं नवा कागद हातात धरून दाखवला, मातीत पुरून कुजलेला तुकडाही दाखवला, आणि आकारामचा भाऊ पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. रमजानच्या गाड्या आता रीघ लावून यायच्या. "आबा," रमजान म्हणायचा, "तुमच्या जित्राबांनी आमच्या घरात फ्रिज आणला की वो. जरा जोरानं खावा म्हणावं." आकाराम हसायचा. मल्चिंग पेपर बांधावर दिसेनासा झाला होता. त्याच्या मनात यायचं, चाललंय ते वाईट कुठं चाललंय?

पण हिशेब हा हिशेब असतो. संयोगितानं एके दिवशी बसून आत गेलेलं आणि बाहेर आलेलं ताडून बघितलं. घातलं होतं पसाभर आणि निघालं होतं पायलीभर. आधी तिनं वजनकाटा बदलला. मग पोरींना झापलं. मग दुपारचं जेवण सोडून परत आली, तर आकाराम शिडीवर उभा होता, आणि डब्यातनं तांबूस धार आत पडत होती.

तिनं डब्याला बोट लावून ते जिभेला लावलं.

"कधीपासनं, काका?"

"बेंदरापासनं."

"कशासाठी?"

"म्याडम, जित्राब सणाला राबत हुतं..." पुढचं वाक्य त्यालाच ऐकवेना.

ती उलट्या क्रेटवर बसली. मग ती म्हणाली, "मला वाटलं माझ्या हातनं काहीतरी घडलं. अहो, मी त्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांत बघून बोलले, काका. तुमच्या भावाच्या."

"म्या वाइटासाठी न्हाई केलं वो."

"माहितीय. राग त्याचाच येतोय. वाईट असता तर तुम्हाला शिव्या तरी दिल्या असत्या."

तिनं काकवी तोडून पुन्हा नुसतं मेणपाणी घालून बघितलं. जित्राबं तोंड लावीनात. मेणपाण्यावर जगणारी जी होती ती कधीच मागं पडून संपली होती. गोडावर पोसलेलीच टाकीभर झाली होती. तरी एक आशा होती. मूळच्या जित्राबांचं बी तिनं विरजण बाजूला काढून ठेवावं तसं एका बाटलीत, फ्रीजरमध्ये जपलं होतं. "पुन्हा पहिल्यापासनं लावू," ती म्हणाली. "वेळ जाईल. पण खरं असेल." आणि हे सांगायला ती दादाच्या केबिनमध्ये गेली. आकारामला तिनं बरोबर नेलं.

धैर्यशीलदादानं सगळं ऐकून घेतलं. चहा मागवला. मग म्हणाला, "कागद होतोय का?"

"होतोय, पण—"

"मातीत कुजतोय का?"

"कुजतोय. पण सर, प्लास्टिक कोण खातंय? आपण लोकांना काय सांगितलं?"

"ते बघू की म्होरं. काकवी तर घरचीच हाय. म्याडम, लोकांस्नी पोळी पायजे. गव्हू कुठला, कुणी इचारत न्हाई." मग आकारामकडं वळून, "आबा, खरं डॉक्टर तुमीच. म्याडमनी इतकी वर्सं काढली, तुमी येका डब्यात केलं."

आकारामला ती शाबासकी मुस्काटात बसल्यासारखी बसली. संयोगितानं त्याच्याकडं बघितलंही नाही. "बाटली मला द्या," ती म्हणाली. "मी दुसरीकडं करीन." पण फ्रीजर कंपनीचा, बाटली कंपनीची, आणि त्यातला न दिसणारा जीवही कंपनीचाच होता. तिनंच तशी सही केलेली होती. महिन्याच्या आत तिनं नोकरी सोडली.

तिची पुस्तकांची खोकी आकारामनंच रिक्षात चढवली. "दिल्लीचे पाहुणे यायचेत," रिक्षात बसताना ती म्हणाली. "पर्यावरणाला पैसा देणारे. त्यांनी एकदा मान्यता दिली की हे खोटं गावोगावी उभं राहील. आणि खरं सांगायला आत आता कुणी नाही."

"म्या हाय की, म्याडम."

तिनं त्याच्याकडं बघितलं. भरवसा ठेवावा असं काही त्या बघण्यात नव्हतं.

पुढं काकवी डब्यानं नव्हे, पिंपानं येऊ लागली. पृथ्वीराजला दादानं ट्रकवरनं काढून गुऱ्हाळाचा मुकादम केलं, कायमचा. सून खूश, नातवंडं खूश. पृथ्वीराज बापाला म्हणाला, "आबा, आता त्वांड उघडू नगा. आयुष्यात पयल्यांदा पाठ टेकलीया आमची." आकारामनं नातवाला मांडीवर घेतलं. पण दिल्लीवाल्यांचं नाव निघालं की तो मनाशी म्हणायचा, आज सांगू, उद्या सांगू, पाहुणे आल्यावर बघू.

पाहुण्यांच्या आदल्या सकाळी पिंप आणायचा टेम्पो घेऊन तो गुऱ्हाळावर गेला. चुलवाणाच्या तोंडातनं काळा धूर निघत होता. चिपाडाचा धूर असा नसतो. ह्याला डोक्यात जाणारी घाण येत होती. मागं रमजानची गाडी उभी होती, आणि रमजान ताडपत्री सोडत होता. आत मल्चिंग पेपर. तांबडी माती अजून वाळलेली नव्हती.

"रमजान, ह्ये हितं कसं रं?"

रमजान ओशाळला. "तुमास्नी ठावं न्हाई व्हय आबा? मला वाटलं तुमीच सांगितलं आसंल. शेडीच्या म्होरच्या दारानं आत, तितं वजन, फोटू. मग मागच्या दारानं हितं. म्याडम गेल्यापासनं आसंच चाललंय."

जळण टाकणाऱ्यानं एक भारा उचलून चुलवाणात लोटला. कागद आक्रसला, वितळला, भडकला. वर कढईत रस खदखदत होता.

"आन ह्या कढईचीच काकवी आमच्या टाकीत," आकाराम म्हणाला.

"तसं बगाय गेलं तर प्लास्टिकवरच चाललंय की सगळं," रमजान हसला, आणि आकारामचं तोंड बघून त्याचं हसू मावळलं. "आबा, म्या भंगारवाला. जितं उतर म्हणत्याल तितं उतरणार. माझ्यावर नगा डोळं काढू. मुकादमाला इचारा."

मुकादम पृथ्वीराज पलीकडं फोनवर बोलत उभा होता. बापाला बघून त्यानं पाठ केली.

पाहुणे आले ते ऊन तापल्यावर. कडक कपड्यातला एक चष्मेवाला, दोन तरुण पोरं आणि एक पिकल्या केसांच्या, खादीच्या साडीतल्या बाई. शेड झाडून पुसून आरशासारखी केली होती. धैर्यशीलदादा इंग्रजीत भराभरा सांगत होता. आकाराम टाकीजवळ सावधानमध्ये उभा होता, पलटणीचं पदक छातीला लावून. ते दादानंच लावायला सांगितलं होतं.

"अँड धिस इज आवर आकाराम आबा. एक्स-आर्मी."

बाईंनी हात जोडले. आकारामनं सॅल्यूट केला आणि हात खाली यायच्या आतच बोलायला सुरुवात केली, कारण एकदा थांबला असता तर पुन्हा बोलला नसता.

"साब, एक बात बोलना है. ये जानवर प्लास्टिक नहीं खाते. मैं काकवी डालता हूँ. गन्ने के रस की. डॉक्टर मैडम ने मना किया था, मैंने चोरी से डाला. अभी तो ड्रम भर के डालते हैं. वो पुराना प्लास्टिक गुऱ्हाळ की भट्टी में जलता है. मैंने आँख से देखा."

दादाच्या कपाळावर घाम फुटला. आकारामला वाटलं, झालं. आता जे व्हायचं ते होऊ दे.

बाईंनी हळूच विचारलं, "चोरी से क्यों डाला, बाबा?"

आणि आकारामनं, खरं सांगायलाच उभा राहिला होता म्हणून, तेही खरं सांगितलं. बेंदूर. खांद्याची हळद. खच्चरं. सणाला राबणारी जित्राबं, कॉकला बांधलेला गोंडा.

बाईंचे डोळे भरून आले. "हाऊ ब्युटिफुल," त्या म्हणाल्या. "जिवाणूंचासुद्धा सण!" तरुण पोरांनी फोन बाहेर काढले. एकानं आकारामला टाकीवर हात ठेवायला सांगितला, दुसऱ्यानं पदक नीट केलं. "बाबा, फिर से बोलिए ना, वो गोंडे वाली बात."

"मेमसाब, वो भट्टी—"

"वो भी बोलेंगे, पहले ये."

चष्मेवाला तेवढा हसला नव्हता. "भट्टी कौन सी?" त्यानं विचारलं.

धैर्यशीलदादाला तोवर श्वास मिळाला होता. "सर, एनर्जी रिकव्हरी. वॉश करून उरलेला माल. सगळं नियमात."

चष्मेवाल्यानं आकारामकडं बघितलं. नीट बघितलं. त्या नजरेतनं आकारामला कळलं, ह्याला सगळं उमगलंय. मग त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं, पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "लंच इधर है या होटल में?"

जाताना बाईंनी आकारामच्या पाया पडायला वाकल्यासारखं केलं.

गाड्या गेल्यावर दादा परत आला. आकारामनं पेटी भरायची तयारी मनात केलीच होती. पण दादानं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "आबा, माझा जीव गेला हुता बगा. पर तुमी तर बाजी मारली! ते म्हंत्यात फिल्म करायची तुमच्यावर. आता दारावर थांबू नगा. पावन्यांस्नी माहिती तुमीच द्याची. आन त्ये भट्टीचं..." त्यानं आवाज खाली आणला, रागाचा नव्हे, मायेचा, "त्ये इसरून जावा. पृथ्वीराजच्या हाताखालची भट्टी हाय ती. उद्या काय झालं तर त्येचंच नाव येनार न्हवं?"

संध्याकाळी आकारामनं संयोगिताला फोन लावला. ती आता कराडला एका कॉलेजात शिकवत होती.

"म्याडम, सांगितलं."

"कुणाला?"

"दिल्लीवाल्यांस्नी. समद्यांच्या म्होरं. भट्टीचं बी सांगितलं."

"मग?"

"फोटू काढला."

"आणि?"

"आन जेवाय गेली."

ती म्हणाली, "काका, बेंदरालाच सांगितलं असतंत तर मी त्याच दिवशी टाकी धुऊन टाकली असती. आता ह्यासाठी मला फोन नका करू."

"म्याडम—"

फोन बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी आकारामनं काकवीच्या पिंपाला हात लावला नाही. ठरवूनच आला होता. मरू देत. टाकी मेली की कागद थांबेल, कागद थांबला की फलक उतरेल. तो शिडीच्या पायाशी पाठ टेकून बसला. उन्हं चढली. वरच्या नळीतनं येणारा फेस ओसरला. पाठीमागचं पोलाद निवत चाललेलं त्याला सदऱ्यातनं कळत होतं. भुकेलं जनावर असंच होतं. आधी हुंदडतं, मग गप्प होतं, मग त्याची कातडी गार लागते. त्यानं बर्फात अशी तीन खच्चरं गमावली होती, त्यांच्या मानेला मिठी मारून.

शिकाऊ पोरगी येऊन म्हणाली, "आबा, फीड राह्यलंय."

"ठावं हाय."

"म्हंजे घालू का मी?"

"हात लावू नगंस."

ती गेली. तो बसून राहिला. ज्यांच्यावर राग काढायचा ती माणसं गाडीत बसून गेली होती. एक केबिनमध्ये होता, एक त्याच्याच पोटचा होता. आणि उपाशी कोण मरत होतं, तर ज्यांना ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं ती. त्यांना गोडाची चटक लावणारा तोच. आता दुसरं काही त्यांच्या तोंडी लागत नव्हतं.

दुपार कलल्यावर तो उठला. त्यानं डबा पिंपात बुडवला, शिडी चढला आणि तोंडाचं झाकण काढलं. काकवीची धार आत पडली. त्या धारेला जळक्या प्लास्टिकचा वास येतो असं त्याला वाटलं, आणि त्यानं नाक फिरवलं.

"खावा," तो म्हणाला. "खावा, भाड्यांनो."

आणि दुसरा डबा भरायला खाली उतरला.